अर्ध्या पाण्याच्या टाकीत टोडना जिवंत किडे कसे द्यावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. इंदूरला घरी दोन फुटी काचेची टाकी आहे. तिच्या अर्ध्या भागात पाणी आणि अर्ध्यात खडी-शेवाळाची जमीन, आणि आत तीन फायर बेली टोड, म्हणजे लाल पोटाचे छोटे, बेडकासारखे प्राणी. एक दिवसाआड झाकण उघडून पंचवीसेक रातकिडे सोडता. निम्मे पाण्यात पडून मरतात, दुसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटतो. दोन टोड गुबगुबीत आहेत, तिसरा वाळत चाललाय. आणि तुम्ही विचारलंय, रातकिड्यांऐवजी दुसरं काय खायला देऊ?

किडा बदलून हे सुटणार नाही. उद्या मीलवर्म (पिठातल्या भुंग्याच्या अळ्या) आणलेत तर ते पाण्यात बुडतील किंवा शेवाळाखाली शिरतील. झुरळाची पिल्लं आणलीत तर ती खडीत गडप होतील. रातकिडा हे या टोडचं रोजचं उत्तम खाणं आहे, तेच चालू ठेवा. बदलायला हवी ती सोडायची पद्धत. कोरड्या टाकीत किडा कुठेही सोडला तरी फिरत फिरत तो कधीतरी टोडच्या समोर येतो. अर्ध्या पाण्याच्या टाकीत फिरणारा किडा शेवटी पाण्यात पडतो. म्हणून इथे सोडलेल्या प्रत्येक किड्याचा हिशोब लागला पाहिजे: एक तर तो टोडच्या पोटात गेला, नाहीतर तुम्ही बाहेर काढला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. टोड किती मोठे आहेत, खोलीचं तापमान किती असतं आणि जमीन कशी रचली आहे, यावर खालचे आकडे थोडे वरखाली होतील. मी पूर्ण वाढलेले, म्हणजे ४ ते ५ सेंमी लांबीचे टोड धरून सांगते. तुमचे अडीच सेंमीच्या आतले असतील तर त्यांना रोज खायला हवं, आणि किडे अगदी बारीक हवेत.

आधी हा प्राणी खातो कसा ते नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. आपल्या अंगणात पावसाळ्यात दिसणारा खरखरीत कातडीचा देशी टोड चिकट जीभ बाहेर फेकून किडा ओढून घेतो. फायर बेलीला ते जमत नाही. त्याची जीभ गोल चकतीसारखी असते आणि तोंडाच्या तळाला चिकटलेली असते. किडा दिसला की तो आधी सगळं अंग त्या दिशेला वळवतो, क्षणभर थबकतो, मग अख्खं शरीर झोकून देतो. तोंडात किडा अर्धा मावतो, आणि बाहेर राहिलेले पाय तो पुढच्या दोन्ही पंजांनी आत कोंबतो. शांतपणे बसून पाहिलंत तर हे कोंबणं स्पष्ट दिसतं. लहान मूल दोन्ही हातांनी घास आत ढकलतं तसंच.

यातून तीन गोष्टी निघतात. किडा त्याच्यापासून तीन-चार सेंमीच्या आत हवा, लांबचा किडा त्याच्या उपयोगाचा नाही. दुसरं, तो झोकून देतो तेव्हा किड्याबरोबर तिथलं जे काही असेल ते तोंडात जातं. तुमच्याकडे बारीक खडी आहे, ती पोटात जाऊन आतडं अडू शकतं. खाण्याच्या जागी टोडच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे किंवा सपाट फरशीच हवी. तिसरं, त्याचे बरेच हल्ले चुकतात, आणि हल्ला चुकला की घाबरलेला किडा उडी मारतो. पाणी जवळ असेल तर ती उडी पाण्यात जाते.

शिवाय टोडला हलणारी वस्तूच अन्न म्हणून दिसते. पाण्यावर धडपडणारा रातकिडा तो पोहत जाऊन खातो, पण धडपड थांबली की तो किडा त्याच्यासाठी संपला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला तळाशी जे सापडतं ते हेच.

आता पाण्याचा हिशोब करा. तुमच्या टाकीचा पाण्याचा भाग ३० गुणिले ३० सेंमी, खोली १० सेंमी धरली तर पाणी होतं ९ लिटर, म्हणजे न्हाणीघरातली अर्धी बादली. त्यात एक दिवसाआड बारा रातकिडे कुजताहेत. कुजताना अमोनिया तयार होतो, आणि टोड पाणी तोंडाने पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषतो. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. मे महिन्यात बोअरिंगच्या जड पाण्यावर चालणाऱ्या टाकीत हे सगळं एकत्र येतं. तिसऱ्या टोडच्या वाळण्यात या पाण्याचाही हात असू शकतो. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासायचा संच मिळतो, तो आणा. आकडा शून्य यायला हवा. थोडाही रंग बदलला तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला.

आता खाण्याच्या थाळीबद्दल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

१५ ते १८ सेंमी व्यासाचं, ३ सेंमी खोल, सरळ भिंतींचं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. ओव्हनमध्ये वापरतात तसं सपाट तळाचं काचेचं भांडं उत्तम. कुंडीखालची प्लास्टिकची ताटली नको, तिचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि किडे आरामात चढतात. भांडं जमिनीत असं पुरा की बाहेरून काठ जेमतेम १ सेंमी वर दिसेल आणि आतून पूर्ण ३ सेंमी खोली राहील. टोडला आत-बाहेर जायला अडचण येत नाही. रातकिड्याला मात्र कोरड्या, स्वच्छ काचेवर चढता येत नाही. ‘कोरड्या’ आणि ‘स्वच्छ’ हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. भिंतीवर ओलावा, शेवाळ किंवा कॅल्शियमची पूड साचली की किड्याच्या पायांना पकड मिळते आणि थाळी निरुपयोगी होते. दर वेळी खाणं झालं की थाळी बाहेर काढून साध्या गरम पाण्याने धुवा, साबण लावू नका.

थाळी पाण्याच्या कडेपासून निदान १० सेंमी दूर ठेवा. तुमच्या टाकीत जमीन तीस सेंमीच आहे, तेव्हा थाळी मागच्या कोपऱ्यातच बसेल.

राहिली उडी. एक सेंमीचा रातकिडा ३ सेंमीची भिंत सहज ओलांडतो. याला दोन उपाय आहेत. किडे झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, तीन-चार मिनिटं ठेवा. ते सुस्त होतात आणि थाळीत दहाएक मिनिटं संथ चालत राहतात. टोडला तेवढी हालचाल पुरते. किंवा मागचे दोन उडीचे पाय काढून टाका. मांडीला चिमट्याने धरलं की रातकिडा बहुधा तो पाय स्वतःच सोडून देतो, संकटात पाय टाकून पळायची त्याची ती सवय आहे. मी रोजच्या खाण्याला फ्रिजची पद्धत वापरते. अशक्त टोडसाठी मात्र पाय काढलेलेच किडे देते, म्हणजे त्याचा पहिला हल्ला वाया जात नाही. थाळीत गाजराची पातळ चकती ठेवा. किडे तिच्याभोवती घुटमळतात, भिंतीकडे कमी जातात.

आणि तरीही एखादा पाण्यात पडेलच. त्याच्यासाठी पाण्यात नारळाच्या करवंटीचा तुकडा किंवा कॉर्कच्या सालीचा तरंगता तुकडा ठेवा, आणि जमिनीच्या कडेला खिडकीच्या जाळीची एक पट्टी वाकवून पाण्यात उतरती सोडा. किडा तिला धरून वर येतो. थर्माकोल वापरू नका, रातकिडे ते कुरतडतात आणि त्याचे दाणे टोडच्या तोंडात जातात. फिल्टर स्पंजचाच ठेवा, पंपाच्या तोंडाशी मेलेले किडे अडकून कुजतात आणि तुम्हाला दिसतही नाहीत.

टोडना थाळी ओळखायला दहा-पंधरा दिवस लागतात. दर वेळी तीच जागा, तीच वेळ. हा टोड दिवसा हिंडणारा आहे, म्हणून सकाळी खायला द्या. मग संध्याकाळपर्यंत उरलंसुरलं शोधायला तुमच्या हातात दिवस असतो. रात्री सोडलेला किडा सकाळपर्यंत पाण्यात असतो, आणि भुकेला रातकिडा रात्री झोपलेल्या टोडची कातडीही कुरतडतो.

किती द्यायचं? किड्याची लांबी टोडच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा जास्त नको. तुमच्या मापाच्या टोडला ८ ते १० मिमीचा रातकिडा. एका टोडला एका वेळी पाच, आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. म्हणजे तिघांना मिळून पंधरा, आणि तेही एकदम नाही. पाच सोडा, संपले की पुढचे पाच. वीस मिनिटांनी थाळीत जे उरलं ते चिमट्याने उचलून परत डब्यात. मग चहाच्या गाळणीने पाण्यातले काढा आणि मोजा. टाकीजवळ एक कागद चिकटवा: सोडले १५, काढले ४. चार दिवसांत तुम्हाला कळेल की आजवर तुम्ही किडे टोडना नाही, पाण्याला घालत होतात. दोन गुबगुबीत टोडही खरं तर जास्त खाताहेत. पुढच्या पायांच्या बगलेत आणि पोटाच्या कडेला घड्या पडल्या असतील तर ती चरबी आहे. त्यांना महिनाभर आठवड्यातून दोनच वेळा द्या.

आता तिसऱ्याबद्दल. तीन टोड एकत्र खायला बसले की जो चपळ तो खातो. फायर बेली हलणाऱ्या कशावरही झेप घेतात, अगदी शेजाऱ्याच्या पायाच्या बोटांवरही. एकदोनदा असा चावा बसला की दबलेला टोड थाळीकडे यायचंच सोडतो. त्याला वेगळं खाऊ घाला. पाच लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोकं पाडा, तळाला साधा पांढरा, वास नसलेला टिश्यू पेपर ओला करून पसरा. टोडला हातात न धरता वाटीत अलगद वळवून डब्यात सोडा. पाय काढलेले पाच रातकिडे सोडा, डबा अर्धवट झाका आणि वीस मिनिटं तिथून दूर जा. तुम्ही वाकून बघत राहिलात तर तो खाणार नाही. उचलावंच लागलं तर हात आधी साध्या पाण्याने ओले करा, आणि नंतर साबणाने स्वच्छ धुवा. याच्या कातडीतून विषारी स्राव येतो. तो डोळ्याला लागला तर खूप झोंबतं. याच कारणाने या टाकीत दुसऱ्या जातीचा बेडूक, मासा, गोगलगाय काहीही ठेवू नका.

त्याचं वजन करा. सराफ्यात दागिन्यांसाठी वापरतात तसा ०.१ ग्रॅमचा खिशात मावणारा काटा स्वस्तात मिळतो. छोटी डबी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मग टोड आत. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खायला देण्याआधी. एका वजनावरून काही ठरवू नका, चार आठवड्यांचा ओघ बघा. खातोय आणि तरी वजन उतरतंय, तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. ताजी विष्ठा ओल्या टिश्यूत घेऊन तपासणीला द्या. दोन आठवडे काहीच खाल्लं नाही, पोट फुगलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली आली किंवा पाय थरथरायला लागले, तर घरगुती उपाय करत बसू नका. बेडकांवर उपचार करणारे डॉक्टर थोडे आहेत, हे खरं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, तिथून निदान कुणाकडे जावं ते कळू शकेल.

वेगळ्या डब्यातही तो खात नसेल तर चिमट्याने द्या. बांबूचा किंवा प्लास्टिकचा बोथट टोकाचा, २० सेंमीचा चिमटा हवा. स्टीलच्या टोकावर टोड आपटला तर जबडा दुखावतो. इथे एक बारकावा आहे. यॉर्ग-पेटर एवर्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी टोडच्या नजरेवर अनेक वर्षं प्रयोग केले. लांबट पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने आडवी सरकवली की टोड तिला किडा समजून झेपावतो. तीच पट्टी उभी धरून बाजूला सरकवली की तो लक्ष देत नाही. ते प्रयोग युरोपातल्या साध्या टोडवर झाले, पण चिमटा हातात असताना हा नियम फायर बेलीलाही लागू पडतो. म्हणून गांडूळ चिमट्यात लोंबकळत धरू नका. ओल्या फरशीवर आडवं ठेवा, एका टोकाला धरून त्याच्या लांबीच्या दिशेने हळू ओढा, दोन सेंमी ओढा, थांबा, पुन्हा ओढा. टोड बहुतेक वेळा थांबण्याच्या क्षणी झेप घेतो.

गांडूळ हे अशा टाकीसाठी फार सोयीचं खाणं आहे. उडी मारत नाही, ओल्या फरशीवर हलत राहतं, आणि त्यात रातकिड्यापेक्षा कॅल्शियम जास्त असतं. दोन सेंमीचे तुकडे करून आठवड्यातून एकदा द्या. मात्र गांडूळखताच्या वाफ्यातली बारीक, लाल-पिवळ्या पट्ट्यांची जात घेऊ नका. ती डिवचल्यावर वास मारणारा पिवळा द्रव सोडते, आणि टोड ती थुंकतो. एकदा थुंकलं की काही दिवस कुठल्याच गांडुळाकडे बघत नाही. खत-औषध न पडलेल्या बागेतली, काळ्या मातीतली साधी गांडुळं एक दिवस ओल्या कागदात ठेवून, पोटातली माती बाहेर पडू देऊन द्या.

मीलवर्म आवडीने खातात, पण त्याची कात कडक असते आणि चरबी जास्त. द्यायचाच तर नुकतीच कात टाकलेला पांढरा मऊ, आठवड्याला एखाददुसरा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं जिवंत ट्युबिफेक्स (पाण्यातले बारीक लाल किडे) घाण पाण्यात वाढतं. मी ते टाकीत घालत नाही. डासांच्या अळ्या टोडना चालतात, पण घरात त्या वाढवू नका. चार अळ्या निसटल्या तर डेंग्यूचे डास तुमच्याच घरात होतील.

अंगणातले आणि शेतातले किडे पकडून द्यावे का, हे बरेच जण विचारतात. माळव्यात जुलै-ऑगस्टला सोयाबीनवर फवारण्या चालू असतात, आणि बांधावरचा नाकतोडा ते औषध अंगावर घेऊनच फिरतो. शहरातही डासांसाठी धुराची फवारणी होते. किडा जिवंत दिसतो म्हणून तो निर्विष असतो असं नाही. फवारणी होत नाही अशी खात्रीची जागा असेल तरच घ्या, आणि काजवे, केसाळ सुरवंट, वास मारणारे ढेकण्या किडे, लाल मुंग्या कधीच नको. याच कारणाने टाकी आणि रातकिड्यांचा डबा ज्या खोलीत आहे तिथे डास पळवणारी वडी, अगरबत्ती किंवा प्लगमधलं द्रव लावू नका. एका रात्रीत सगळे रातकिडे उलटे पडलेले दिसले तर बहुधा कारण हेच असतं.

कॅल्शियमचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण तो सोडून चालणार नाही. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि टोडला उलट कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त लागतं. नुसत्या रातकिड्यांवर वर्षभर ठेवलेल्या टोडची हाडं मऊ पडतात, खालचा जबडा वाकडा होतो, झेप घेताना पाय थरथरतात. म्हणून किड्यांना पूड लावायची. जीवनसत्त्व डी-३ असलेली कॅल्शियमची बारीक पूड घ्या. कोरड्या डबीत पंधरा किडे, चहाच्या चमच्याचा आठवा भाग पूड, दोनदा हलवा आणि लगेच थाळीत. पाच-दहा मिनिटांत किडा स्वतःला साफ करून पूड काढून टाकतो. आणि पाण्यात पडलेल्या किड्यावरची पूड तर तत्काळ धुऊन जाते. थाळीचा एवढा आग्रह यासाठीही आहे: आजवर तुम्ही पूड लावत असलात तरी पाण्यात पकडलेल्या किड्यातून ती टोडला मिळालेलीच नाही.

पूड मिळाली नाही तर पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस खलून अगदी मऊ पूड करून तात्पुरता वापरता येतो. त्यात डी-३ नसतं, म्हणून महिनोन्‌महिने त्यावर राहू नका. पानाचा चुना मात्र चुकूनही नको. तो दाहक असतो, टोडचं तोंड भाजेल. खडूही नको. कॅल्शियम एकाआड एक वेळी लावा. पंधरा दिवसांतून एकदा बहुजीवनसत्त्वाची पूड, आणि तिच्या डबीवर रेटिनॉल, म्हणजे तयार जीवनसत्त्व अ, लिहिलेलं हवं. नुसतं बीटा-कॅरोटीन असेल तर त्यावर विसंबू नका. बऱ्याच बेडकांना त्यातून पुरेसं जीवनसत्त्व अ तयार करता येत नाही. ते कमी पडलं की तोंडातला चिकटा कमी होतो, आणि टोड किड्यावर झेपावतो पण किडा सुटून जातो. मात्र पंधरा दिवसांतून एकदा म्हणजे एकदाच. अ आणि डी शरीरात साठतात, जास्त झाले तर तेही घातक.

पूड बाहेरून लागते, पण किड्याच्या पोटात काय आहे ते तितकंच मोलाचं. दुकानातून आणलेला रातकिडा बहुधा उपाशीच असतो, आणि उपाशी किडा म्हणजे रिकामी पिशवी. आणल्यावर दोन दिवस त्याला खाऊ घाला, मगच टोडला द्या. वीस लिटरचा गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला लोखंडी जाळी, कारण नायलॉनची ते कुरतडून पळतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा. खायला गव्हाचा कोंडा, छावणीच्या धान्यबाजारात ‘चोकर’ म्हणून मागा, त्यात थोडी ओट्सची भरड. ओल्या खाण्यात गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, सगळं नीट धुऊन. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकतं. पाण्याची वाटी ठेवली तर किडे तिच्यात बुडून मरतात, त्याऐवजी ओला स्पंज ठेवा आणि दोन दिवसांनी बदला. डब्याला कुबट वास आला तर आत ओल जास्त आहे, ट्रे बदला. गाजर आणि शेवग्यातल्या रंगद्रव्यांचा आणखी एक फायदा असतो: फायर बेलीच्या पोटाचा लाल रंग खाण्यातूनच येतो. बंदिस्त वाढवलेल्या टोडचं पोट फिकट नारिंगी राहतं ते बहुधा याचमुळे.

इंदूरच्या हवामानाप्रमाणे खाणं बदलत राहतं. हा प्राणी मूळचा कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या पूर्व टोकाचा, थंडीची सवय असलेला. २० ते २५ अंशांत तो उत्तम खातो. पारा २८ च्या वर गेला की तो खाणं कमी करतो, आणि त्यापुढे त्याचे हाल होतात. एप्रिल-मे मध्ये टाकी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीजवळ हलवा. झाकण जाळीचं करा आणि पाण्यावरून एक छोटा पंखा आडवा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं, फक्त कमी झालेलं पाणी रोज भरावं लागतं. खायला सकाळी सातच्या आत द्या आणि नेहमीच्या पाचाऐवजी तीनच किडे. कूलरच्या टाकीतलं पाणी कधी वापरू नका.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात. टोड मंदावतो, आणि त्याची काळजी नको. पण पाणी १५ अंशांच्या खाली असताना खायला देऊ नका, पचन जवळजवळ थांबतं आणि पोटातला किडा तिथेच कुजतो. दुपारी टाकी १८ च्या वर गेली तर त्या वेळी दोन-तीन किडे. टोडला गरम करायची गरज नाही. रातकिड्यांच्या डब्याला मात्र उबेची गरज असते, त्यांना ३० अंशांच्या आसपास ठेवलं नाही तर ते फार हळू वाढतात आणि अंडी फुटायला बराच वेळ लागतो.

पाण्याबद्दल शेवटचं. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि त्यात क्लोरीन असतं. भरलेली बादली चोवीस तास उघडी ठेवा, किंवा मत्स्यालयाच्या दुकानातलं क्लोरीन काढायचं औषध बाटलीवरच्या मापाने घाला. टाकीतलं २५ टक्के पाणी आठवड्याला बदला. पहिले पंधरा दिवस, अमोनिया शून्यावर येईपर्यंत, एक दिवसाआड बदला. खडीखाली आजवरचे कुजके किडे अडकलेले असणारच, म्हणून एकदा सगळी खडी उपसून बाहेर काढा आणि जमीन मोठ्या गोट्यांवर व फरशीवर नव्याने रचा. कडेला उभा काठ न ठेवता उतार द्या.

काढलेलं पाणी पिपल्यापाला तलावात किंवा नाल्यात ओतू नका, आणि नको झालेला टोड तर तिथे कधीच सोडू नका. जगभर बेडकांच्या अनेक जाती संपवणारी कायट्रिड नावाची बुरशी या फायर बेली टोडच्या अंगावर, त्यांना काहीही न होता, राहू शकते. आपल्याकडच्या बेडकांना ती झेपेलच असं नाही. पाणी संडासात ओता. गाळणी, चिमटा आणि थाळी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, ती बुरशी कोरडेपणात टिकत नाही.